तबिथाची सुई आणि मगनवाडीचा चरखा

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात यापो नगरातील तबिथा नावाच्या शिष्येची हकीकत आली आहे. तिच्या मृत्यूची वार्ता ऐकून संत पेत्र तिच्या घरी आला, तेव्हा माडीवरच्या खोलीत गावातील विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तबिथाने हयातीत स्वतःच्या हातांनी तयार केलेले अंगरखे व झगे त्यांनी त्याला दाखविले. ती काय बोलत असे, कोणता उपदेश करीत असे, याविषयी ग्रंथकर्ता काही सांगत नाही. तिच्या सत्कर्मांची साक्ष म्हणून पुढे आले ते कपडेच. संत पौलही तंबू तयार करणारा कारागीर होता आणि अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्याने त्याच कामावर आपली भाकरी मिळविली. खुद्द प्रभूच्या अंगावरचा झगा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, असे संत योहान मुद्दाम नमूद करतो. क्रूसाखाली बसलेल्या सैनिकांनाही तो फाडावासा वाटला नाही, त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. चांगल्या हातकामाचा मान त्या निर्दय माणसांनीही राखला.

हाताने कातलेल्या, विणलेल्या आणि शिवलेल्या वस्त्राची आठवण आज निघण्याचे कारण असे की, अलीकडे मोठ्या शहरांतून अशा कपड्यांच्या लहान लहान कार्यशाळा निघाल्या आहेत. दोन-चार कारागीर, एखादा कल्पक रचनाकार, हातमागाचे कापड, वनस्पतींचे रंग आणि नव्या बेताचा एकेकच कपडा, असा त्यांचा खाक्या असतो. त्यांना 'स्टुडिओ' म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील काही मुलामुलींनाही या कामाची ओढ आहे. ही कल्पना पाश्चात्त्य देशांतून नुकतीच आली, असा त्यांचा समज असतो. वास्तविक नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, वर्ध्याच्या मगनवाडीत, नव्वद वर्षांपूर्वी वस्त्राचे असेच प्रयोग चालले होते आणि त्या वाडीच्या व्यवस्थेची धुरा एका ख्रिस्ती गृहस्थाच्या खांद्यावर होती. तो इतिहास आपल्या घरांतून फारसा सांगितला जात नाही. तो सांगावा, आणि त्यातून आजच्या कामाला काही हिशेब मिळतो का ते पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

गिरणीचे शहर

नागपूरच्या कापडाचा अर्वाचीन इतिहास एम्प्रेस मिलपासून सुरू होतो. जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन केली. मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस इथल्या मातीत पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वे दारात आली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढताना पाहून एका सावकाराने, हा माणूस मातीत सोने ओततो आहे, असा शेरा मारला होता. पुढे त्यालाच आपले शब्द मागे घ्यावे लागले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले त्या दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला तसेच नाव मिळाले.

या गिरणीविषयी न्यायाने बोलले पाहिजे. १८८६ साली तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोवारुम' हे कामगारांच्या हक्कांविषयीचे परिपत्रक १८९१ सालचे आहे. म्हणजे रोममध्ये ज्या प्रश्नाचे चिंतन चालले होते, त्याची काही उत्तरे नागपुरात एक पारशी उद्योजक त्याच काळात व्यवहारात आणीत होता. नागपूरचे धर्मप्रांत म्हणून अस्तित्वही याच काळातले. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाचे धर्मगुरू फ्रान्सच्या अ‍ॅनेसीहून येऊन या प्रदेशात काम करीत होते आणि १८८७ साली, गिरणीनंतर दहा वर्षांनी, नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली.

तथापि गिरणीच्या भोंग्याने एक आवाज हळूहळू बुडविला. तो पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांतील कोष्ट्यांच्या मागांचा होता. कोष्ट्याच्या घरात माग हाच घराचा मध्य असे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसायचा. बायको कांड्या भरायची, म्हातारी सुताला खळ द्यायची, मुले ताणा धरायची. नागपुरी धोतरे आणि लुगडी यांची ख्याती विदर्भाबाहेरही होती. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत विणली जाणारी 'करवत काठी' ही टसरची साडी या कसबाचा उत्तम नमुना होय. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ती साधण्यासाठी एका वेळी तीन धोटे चालवावे लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे, आणि अंग व काठ यांचे बाणे हाताने एकमेकांत अडकवावे लागतात. टसरचे कोष पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर, मुख्यतः ढीवर समाजाच्या हातून, वाढविले जातात. जंगलातील ढीवर, मागावरचा कोष्टी आणि साडी नेसणारी गृहिणी यांना जोडणारा तो धागा होता. गिरणीचे सूत आले, पुढे यंत्रमाग आले, तसतसा तो विरत गेला. सरकारने १९७६ साली सुरू केलेल्या जनता साडी-धोतराच्या योजनेने मागांना काही वर्षे काम पुरविले. पण स्वस्त, जाडेभरडे, एकसारखे कापड विणता विणता अनेक हातांतील नक्षी गेली, आणि योजना आटली तेव्हा कामही गेले.

रेशमी सूट आणि धोतीजामा

आता वर्ध्याकडे वळू. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग व घर त्यासाठी दिले. खादीच्या तांत्रिक अभ्यासात आयुष्य वेचून १९२८ साली निवर्तलेले मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे मंत्री झाले जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याला सरकारी करव्यवस्था कशी कारणीभूत आहे यावर प्रबंध लिहिला. तो दाखविण्यासाठी मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गेले. अंगावर उत्तम शिवणीचा सूट होता. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातीत बसला होता. ते गांधीजी आहेत हे त्यांना काही वेळाने कळले. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली, परंतु कुमारप्पा ती बाजूला सारून, रेशमी विजारीची पर्वा न करता, खाली बसले. पुढचे सारे आयुष्य त्या एका बैठकीने ठरले.

खादी अंगावर घेतल्यावर कुमारप्पांनी आपल्या कामाला सोयीचे वस्त्र स्वतःच बेतले. धोतर आणि पायजमा यांच्या मधले ते वस्त्र होते आणि त्याला ते 'धोतीजामा' म्हणत. वस्त्र हे अंगाला, कामाला आणि देशाला साजेसे असावे, त्यासाठी जुन्याची नक्कल करण्याची गरज नाही आणि परक्याची तर नाहीच, हे त्या साध्या शिवणीत आले होते. आजच्या 'स्टुडिओ'तील तरुण याला 'प्रयोगशील रचना' म्हणतील. कुमारप्पांच्या लेखी तो नित्याचा कपडा होता.

मगनवाडीत आणि वर्ध्याच्या आसपास त्या काळी प्रयोगांची नुसती रीघ लागली होती. प्रभुदास गांधी यांनी पायाने चालणारा, दोन्ही हातांनी दोन चात्यांवर सूत काढता येईल असा 'मगन चरखा' तयार केला होता. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याने, ज्यांना 'भारतानंद' म्हणत, धनुष्याने फिरणारी 'धनुष टकळी' केली. ती गरिबातल्या गरिबाला घरी करून घेता येण्याजोगी होती. १९२९ साली चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. मात्र अटी इतक्या काटेकोर होत्या की ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मेलेल्या वस्तू काचेआड ठेवण्यासाठी ते नव्हते. चालती अवजारे, त्यांची सुधारित रूपे आणि त्यांवर झालेले काम लोकांनी पाहावे, हाताळावे व शिकून जावे, हा हेतू होता. ते संग्रहालय पुढील पिढ्यांनी जागते ठेवले. सेंद्रिय कापसाची खादी आणि वनस्पतिजन्य रंग यांचे काम तिथे नव्याने उभे राहिले. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचे, तुरटीने रंग पक्का करायचा, पळसाच्या फुलांतून पिवळा काढायचा, गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा मिळवायचा, ही सारी विद्या आपल्या आज्यांच्या ओळखीची. ती तिथे पुन्हा हातात आली.

एका सदऱ्याचा हिशेब

परंतु मगनवाडीच्या परिसरात झालेला सर्वांत मोठा प्रयोग अवजाराचा नव्हता, मजुरीचा होता. हाताच्या कपड्याची किंमत काय, हा प्रश्न ज्याला टाळता येत नाही त्याने हा भाग जरा सावकाश वाचावा.

सुताच्या एका गुंडीत ६४० तार असतात आणि एक तार चार फुटांचा. सराईत हाताला साध्या चरख्यावर एक गुंडी कातायला दोन-अडीच तास लागतात. एका सदऱ्याच्या मध्यम पोताच्या कापडाला अशा आठ-दहा गुंड्या हव्यात. म्हणजे पिंजणे, पेळू करणे, ताणा लावणे, विणणे, धुणे, शिवणे हे सारे सोडून नुसत्या कातण्याचेच वीसेक तास झाले. त्या काळी कातणाऱ्या बाईला दिवसभराच्या कामाचा जेमतेम आणा हाती पडे. खादी स्वस्त राहावी आणि खपावी, म्हणून कार्यकर्तेही याकडे डोळेझाक करीत. १९३५ साली गांधीजींनी हा प्रश्न ऐरणीवर घेतला. कातणारणीला आठ तासांच्या कामाचे पोटापुरते वेतन मिळालेच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या मते ते आठ आणे असावयास हवे होते. चरखा संघाने निदान तीन आण्यांचा दर स्वीकारला. त्या दराने आपल्या सदऱ्याच्या केवळ कातणीचे साडेसात आणे होतात. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, असा ओरडा झाला आणि तो खोटाही नव्हता. पण गांधीजी मागे हटले नाहीत.

त्याच सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे स्वतः रोज तासन्‌तास सूत कातून, त्याच मजुरीत भागते का, हे अनुभवून पाहत होते. कातणारणीच्या मिळकतीत जेवण किती बसते हे त्यांनी कागदावर मांडले नाही, स्वतःच्या पोटावर तपासले. आपल्या संतपरंपरेला ही रीत अपरिचित नाही.

कुमारप्पांनी याच विचाराला अर्थशास्त्राची बैठक दिली. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या बंदिवासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर आणि दुसरे येशूच्या आचरणावर व शिकवणीवर. दोन्ही १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. एकाच कोठडीत, एकाच लेखणीने लिहिलेली ही पुस्तके वेगळी नव्हतीच. वस्तू विकत घेताना आपण तिच्या मागची माणसेही स्वीकारतो. ती पिळवणुकीतून आली असेल तर त्या पापात घेणाऱ्याचाही वाटा असतो, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ आहे. त्यांना चर्चमधून नेहमीच साथ मिळाली असे नाही. १९३० साली सत्याग्रहाला विरोध करणाऱ्या अँग्लिकन महाधर्माध्यक्षांना त्यांनी जाहीर पत्र लिहून ख्रिस्ताच्या शिकवणीची आठवण करून दिली होती. आपण कॅथलिकही त्या काळी खादीपासून बहुतांशी दूरच राहिलो, हे कबूल केलेले बरे. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, कुमारप्पांचे निधन झाले.

वेदीवरचे वस्त्र आणि कोलवाळचे घर

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर मात्र वारे फिरले. १९६९ साली भारतीय धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून रोमने उपासनेतील बारा अनुकूलनांना मान्यता दिली. खाली बसणे, अंजलीमुद्रा, समई, आरती यांबरोबरच पुरोहिताच्या जड, परदेशी वस्त्रांऐवजी साधा झगा आणि अंगवस्त्र चालेल, असे त्यांत होते. बदल दिसायला लहान होता, परंतु त्यामुळे भारतीय मागावरचे कापड अधिकाराने वेदीपाशी येऊ शकले. तो मार्ग आपण किती वापरला, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या वस्त्रागाराचे कपाट उघडून स्वतःला विचारावा.

कपड्याच्या आजच्या जगात हातमाग आणि माती यांची आठवण धरणारा एक मोठा रचनाकार आपल्याच कॅथलिक समाजातून आला. वेंडेल रॉड्रिक्स यांचा जन्म २८ मे १९६० रोजी मुंबईत झाला, माहीमला ते वाढले आणि मूळ गाव गोव्यातील कोलवाळ. ओमानमध्ये नोकरी करून साठविलेल्या पैशांवर त्यांनी लॉस एंजेलिस व पॅरिस येथे वस्त्ररचनेचे शिक्षण घेतले. आपल्या कामात आपला देश का दिसत नाही, हा पॅरिसमध्ये कानी पडलेला प्रश्न त्यांच्या मनाला लागला. १९८९ साली त्यांनी स्वतःच्या नावाने काम सुरू केले आणि १९९३ साली मुंबईची झगमग सोडून ते कोलवाळला राहायला गेले. व्यवसायातील लोकांना हा वेडेपणा वाटला. त्यांनी तिथूनच साधे, सैल, उष्ण हवेला मानवणारे कपडे केले आणि ते जर्मनी व पॅरिसच्या प्रदर्शनांपर्यंत पोहोचविले.

त्यांचे टिकाऊ काम म्हणजे कुणबी साडी. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रियांचे लाल-पांढऱ्या चौकड्यांचे, आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायचे हे जाडे वस्त्र शेतात राबणाऱ्या बाईचे होते. वसईच्या आजीबाईंच्या लाल लुगड्याची ही धाकटी बहीणच म्हणा ना. ते जवळजवळ नामशेष झाले होते. रॉड्रिक्स यांनी त्याचे विणकाम पुन्हा सुरू करविले, त्याची लांबी वाढविली, पोत मऊ केला, नव्या छटा दिल्या आणि २०१०-११ मध्ये ते दिल्लीच्या मंचावर नेले. पुढे गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारा 'मोडा गोवा' हा ग्रंथ त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ साली आपले काम त्यांनी एका तरुण सहकारिणीच्या हाती सोपविले आणि स्वतः राहत्या जुन्या घराचे वस्त्रसंग्रहालय करण्यामागे लागले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

मगनवाडी आणि कोलवाळ यांत अंतर पुष्कळ आहे. एकीकडे जमिनीवर बसलेली कातणारीण, दुसरीकडे प्रकाशझोतातली रूपगर्विता. रॉड्रिक्स यांचा कपडा कुणबी बाईला परवडणारा नव्हता, हा आक्षेप खरा आहे. खादीच्या बाबतीत १९३५ साली उठलेला ओरडाही वेगळा नव्हता. हाताचे काम स्वस्त असेल तर हात उपाशी राहतात आणि हात पोटभर जेवले तर कपडा गरिबाच्या आवाक्याबाहेर जातो. या पेचाला सोपे उत्तर नाही. मात्र स्वस्त कपड्याचीही किंमत कोणीतरी भरतच असते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणाऱ्या कामगारांसह ११३४ माणसे मरण पावली. त्यांना महिन्याला जेमतेम ३८ युरो मिळत होते हे कळल्यावर पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षीच्या १ मे रोजी, कामकरी संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, याला गुलामगिरी म्हटले होते.

नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर आज बाजारसंकुल उभे आहे. जिथे कापड तयार होत होते तिथे ते आता नुसते विकले जाते. करवत काठीचे विणकर मात्र नागपूर-भंडाऱ्याकडे अजून आहेत. थोडे, वयस्क, पण आहेत. मोठी गिरणी गेली आणि खड्ड्यातला माग उरला, हा इतिहासाचा निवाडा विचार करायला लावणारा आहे.

म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द. तुमच्या कार्यशाळेत कल्पकता जरूर असू द्या. कुमारप्पांचा धोतीजामाही कल्पकच होता. पण नव्या कपड्याचा कागद कापण्यापूर्वी तो कातणाऱ्या, विणणाऱ्या, काज करणाऱ्या हातांचा हिशेब आधी मांडा आणि तो गिऱ्हाइकाला दाखविण्याची लाज बाळगू नका. आणि आपण पालकांनीही, पहिल्या कम्युनियनचा झगा किंवा नाताळचे कपडे घेताना, पाच कपड्यांऐवजी एक घेऊन तो कोणाच्या हातचा आहे हे मुलांना सांगता येईल असे पाहावे. धर्मग्रामातील शिवणवर्ग दुरुस्त्या आणि गाऊन यांपुरताच का असावा? जवळच्या विणकराचे कापड आणि आपल्या मुलींची सुई यांची गाठ घालणे अवघड नाही.

यापोच्या त्या माडीवर संत पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली, तबिथाला हाक मारली आणि ती उठून बसली. नंतर त्याने त्या विधवांना आत बोलावले. ती पुन्हा सुई घेऊन बसली की नाही, ग्रंथात लिहिलेले नाही. पण दाराबाहेर तिची वाट पाहत उभ्या होत्या त्या बायका तिने शिवलेले कपडे हातात घेऊन होत्या, एवढे आपल्याला ठाऊक आहे.